घंटाभर पडू द्या

इंदूताई गाडेकर आमच्याकडे झोपायला यायच्या. गप्पा मारायला नाही, विरजण मागायला नाही, हळदीकुंकवालासुद्धा नाही. दुपारची भांडी आवरत आली की दाराची कडी वाजायची. मी दार उघडायची. त्या आत येऊन सरळ दिवाणावर आडव्या व्हायच्या आणि पदर तोंडावर घ्यायच्या. बोलायचं असेल ते उठल्यावर. ते बोलणंही उभ्याउभ्या, चपला पायात सरकवता सरकवता.

आम्ही गारखेड्यातल्या त्या तीन मजली इमारतीत राहायला गेलो तेव्हा मे महिना होता. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी नुकतीच निवृत्त झाले होते. यजमानांचं औरंगपुऱ्यात झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे ते सकाळी गेले की संध्याकाळीच परतायचे. अजून निम्मी खोकी फोडायची होती. अशा एका दुपारी कडी वाजली. दारात साठीच्या पुढची, सावळी, हाडापेराने मोठी बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हाताला कसल्याशा मलमाचा वास.

"तुमी नवीन का?"

"हो. आपण?"

"वरच्या मजल्यावरची. नाव-गाव मागून सांगते. घरात कोणी माणसं हायत?"

"नाही, मी एकटीच आहे."

"मंग मला घंटाभर पडू द्या."

हो म्हणावं की नाही, हे ठरायच्या आत त्या आत आल्या होत्या. दिवाणावरची वर्तमानपत्रं त्यांनी नीट उचलून खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि मी पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत त्या झोपलेल्या होत्या. माझ्या स्वतःच्या घरात मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चोरासारखी बसून राहिले. खोकी फोडली तर आवाज होईल म्हणून तेही करता येईना. तासाभराने त्या आपणहून उठल्या, चादर ओढून सारखी केली आणि म्हणाल्या, "गाढ लागली. पंखा चांगला हाय तुमचा, आवाज करतो. मी इंदू गाडेकर. आमच्या ह्यांना लकवा झालाय. आज भाची आलीय कन्नडहून, तिला बसवून आले."

"पण मग तुमच्याच घरी आतल्या खोलीत का नाही पडलात?" मी विचारलं.

"घरी पडले तर त्यांचा श्वास ऐकू येतो. श्वास ऐकू येतोय तोवर डोळा लागत नाय. आन् ऐकू नाय आला, तर उठून बघावंच लागतं. मंग झोपू कवा?"

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाजीवाला आज आला नाही, हे सांगावं तसं सांगितलं, आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेल्या.

भाची दोन दिवसांनी परत गेली. मग ठरलं असं काही नाही, पण होत गेलं. दुपारी इंदूताई खाली माझ्या घरात झोपायच्या आणि मी वर त्यांच्या घरात त्यांच्या नवऱ्यापाशी बसायची.

रामराव गाडेकर एसटीत ड्रायव्हर होते. जन्म गेला तो चाळीसगावच्या गाडीवर, कन्नडच्या घाटात. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी लकव्याने उजवी बाजू गेली, आणि पुढे डोक्यातल्या गोष्टीही एकेक करून निसटायला लागल्या. बायकोचं नाव गेलं, मुलगा पुण्याला असतो हे गेलं, आपण निवृत्त झालो हे तर सगळ्यात आधी गेलं. घाट तेवढा राहिला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांचा डावा हात गादीवर मागे-पुढे हलायचा. ते गिअर टाकत असायचे.

"कंडक्टर, शिटं किती?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं.

"मी कंडक्टर नाही हो. मी खाली राहते, तुमची शेजारीण."

ते बावचळले. पुन्हा विचारलं, मी पुन्हा समजावलं. तासाभरात ते घामाघूम आणि मीही. इंदूताई वर आल्यावर मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना दुरुस्त करू नका. दुरुस्त करण्यात लई दम जातो. त्यांचा नाय जात, तुमचा जातो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "गाडी फुल आहे." रामरावांनी समाधानाने मान हलवली. "मंग द्या बेल." मी चमच्याने पेल्यावर दोनदा टणटण केलं, आणि आमची गाडी निघाली.

इंदूताईंची दमण्याबद्दल काही पक्की मतं होती. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती, हाडं झिजून आलेली होती. घरातल्या कामांचे त्या तीन ढीग करायच्या. "एक आजचं, एक उद्याचं, आन् एक कधीच नाय केलं तरी चालतं ते. आपण बाया त्या तिसऱ्या ढिगापायीच मरतो." औषधं, जेवण, कूस बदलणं, पाठ पुसणं हा पहिला ढीग. कपडे दुसऱ्यात. जाळ्या, डबे घासणं, दिवाळीचा फराळ, पाहुण्यांना काय वाटेल, हे सगळं तिसऱ्यात. त्यांच्या घरात पंख्यांवर धूळ असायची आणि रामरावांच्या पाठीवर मात्र एक फोड नव्हता. बसून करता येईल ते काम त्या उभ्याने करत नसत. भाजी खाटेवर नवऱ्याच्या पायाशी बसून निवडायच्या, कणीक खुर्चीत बसून मळायच्या. सकाळच्या भाकरी संध्याकाळी खायच्या. "शिळं खाऊन कोणी मरत नाय. मी पडले तर मातर दोघं जातील."

तरीही थकवा साठतच जायचा. नळाला पाणी यायचं त्या दिवशी तर बघवत नसे. आमच्या भागात पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, आणि आलं की तेवढ्यात मोटर लावून, पिंपं, हंडे, कळशा सगळं भरून ठेवायचं. माणूस अंथरुणात सगळं करतो त्या घरात पाणी जास्तच लागतं. त्या दिवशी त्या झोपायला आल्या की दिवाणापर्यंतही पोचायच्या नाहीत, दाराजवळच्या सतरंजीवरच बसत्या व्हायच्या आणि बसल्या जागी मान कलंडायची. एकदा मी म्हणाले, "इंदूताई, कधीतरी मोकळं रडून घ्या. मन हलकं होतं."

"कुठं रडू?" त्या म्हणाल्या. "बाया न्हाणीत नळ सोडून रडतात म्हणं. आमच्याकडं नळालाच पाणी नाय." आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं ते मी पाहिलं, पण त्याला त्यांनी रडणं म्हटलं नसतं.

लोकांचं येणंजाणं हा त्यांना आणखी एक ताप होता. समाचाराला माणसं यायची, पोहे खायची, रामरावांकडे बघून चुकचुकायची आणि इंदूताईंना उपदेश करून जायची. सोयगावचे त्यांचे दीर एकदा आले तेव्हा मी तिथेच होते. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, बोलणं गोड.

"वैनी," ते चहा पिता पिता म्हणाले, "सेवा हीच खरी पूजा. तुम्ही धीर सोडू नका. अशी बायको नशिबानं मिळती."

"भाऊजी, चहा झाला का?"

"झाला."

"मंग त्यांची नखं काढा."

दीरांनी कप खाली ठेवला. "मी?"

"सख्खे भाऊ ना? पायाची बी काढा. बोटं आखडलीत, जरा उलगडून धरावी लागतात." आणि त्यांनी नेलकटर त्यांच्या हातात ठेवला.

दीर खाटेच्या पायथ्याशी बसले. भावाचं पाऊल त्यांनी मांडीवर घेतलं, आणि पहिलं नख काढता काढताच ते थांबले. लहानपणी याच भावाच्या खांद्यावर बसून ते जत्रेला जायचे, असं काहीतरी पुटपुटले. मग पुन्हा खाली वाकले. सगळी नखं झाली, तुकडे त्यांनी कागदात गोळा केले, हात धुतले आणि गेले. त्यानंतर मात्र ते नेमाने यायला लागले. आल्यावर उपदेश नाही. धोतर आवरून बसायचे आणि हात पुढे करायचे, "आणा वैनी." इंदूताई मला म्हणायच्या, "बघायला येणारे लई हायत. त्यांना काम सांगावं. कामाचे असले तर परत येतात, नसले तर येत नाय. दोन्ही बरंच हाय."

हे असं वाचताना वाटेल की बाई फार खंबीर होती. होतीही. पण एक दुपार मला विसरता येत नाही. त्या दिवशी त्या आल्या आणि दिवाणावर आडव्या झाल्या नाहीत, कडेला बसल्या. वर रामरावांना डुलकी लागली होती.

"आज झोप नको," त्या म्हणाल्या. "आज बसते नुसती."

मी पाणी दिलं. पेला त्यांनी हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी त्यांना मारलं."

मी त्यांच्या शेजारी दिवाणावर बसले.

"चमच्यानं. हातावर. वरण-भात भरवत होते, सगळा थुंकला अंगावर. पुन्हा भरवला, पुन्हा थुंकला. मंग काय झालं मलाच कळलं नाय."

"ते काय म्हणाले?"

"काय नाय. 'बाई, तुम्ही कोण?' म्हणले." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "ओळखून दोन शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं."

"तुम्ही दमलाय इंदूताई. माणूस दमला की होतं असं."

त्यांनी मान वर केली. "दमलेय हे खरंय. पण दमले म्हणून मारलं, असं म्हणू नका. दमल्याचं नाव सांगून हात उचलायची सवय लागती. मंग हात दमत नाय."

त्या दिवसापासून, फार झालं की त्या भरवणं तसंच टाकून गॅलरीत जायच्या. समोरच्या गच्चीवर पाण्याची मोठी काळी टाकी होती. तिला त्या ठेवणीतल्या कन्नडकडच्या शिव्या द्यायच्या. खालून मला ऐकू यायचं. मग आत जाऊन पुन्हा घास कालवायच्या. "टाकीचं एक बरं हाय," त्या म्हणायच्या, "मनाला लावून घेत नाय."

गणपती बसले होते त्या दिवसांतली गोष्ट. नेहमीसारखी मी वर गेले, त्या खाली गेल्या. "घंटाभरात येते" म्हणाल्या. रामरावांची गाडी त्या दिवशी रिकामीच होती, प्रवासी नव्हते, म्हणून तेही पेंगत होते. तास झाला, दीड तास झाला. वाटलं, झोपू दे बिचारीला. दोन तास उलटले तेव्हा मी पटकन खाली जाऊन बघितलं. दिवाणावरच्या चादरीला सुरकुती नव्हती. दारातल्या चपलाही नव्हत्या. वर येऊन फोन लावला, तर तो त्यांच्याच स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर वाजायला लागला.

माझ्या मनात नको नको ते आलं. फोन करकरून किराणा दुकानात विचारलं, दवाखान्यात विचारलं, औषधवाल्याकडे विचारलं. रामरावांना तर कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ते अस्वस्थ झाले. "गाडी काहून थांबली? कोणी उतरलं का?" असं सारखं विचारायला लागले. मी त्यांना चमच्याने चहा पाजला, कशीबशी कूस बदलली. त्या एका कूस बदलण्याने माझ्या कमरेत उसण भरली. ही बाई हे दिवसरात्र कसं करते, हे तेव्हा मला अंगाने कळलं. शेवटी त्यांच्या मुलाला, संदीपला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, मी रात्रीच्या गाडीने निघतो."

दिवेलागणीला इंदूताई आल्या. केसांवर धूळ, गालावर खिडकीच्या गजाचा वळ.

"कुठे होतात?" माझा आवाज चढला होता.

"कन्नडला गेले होते."

"बहिणीकडे?"

"नाय. उतरलेच नाय." त्या दारातच खाली बसल्या. "इथून गाडीत बसले आन् झोपले. कन्नडला कंडक्टरनं उठवलं, 'मावशी, आलं कन्नड' म्हणला. तशीच उतरून परतीच्या गाडीत बसले. येताना बी झोपले."

त्या पायाची बोटं दाबत बोलत होत्या. "लगीन झालं तवा मी ह्यांच्या गाडीनं जायची. ह्यांच्या मागच्या शिटावर बसायची. घाट लागला की लोकं देवाचं नाव घ्यायची, अन् मी झोपायची. गाडी कोण चालवायलंय ते माहीत होतं ना. आज तुमच्या दारात न थांबता तशीच स्टँडवर गेले, गाडी दिसली. म्हणलं, बसून बघू. कोणी का चालवंना. आपल्याला चालवायची नाय, एवढंच बास होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी रागवा. रागवायलाच पायजे. पण उद्या रागवा. आज मला अजून भाकर टाकायची हाय."

मी उद्याही रागावले नाही.

संदीप सकाळी पोचला. चाळिशीचा, अंगाने वडिलांसारखा, कुठल्याशा कंपनीत संगणकाचं काम करणारा. रात्रभर प्रवास करून आलेला, त्यामुळे तोही तापलेला होता. "आई, आता बास झालं. पुण्याला एक चांगली संस्था आहे. चोवीस तास माणसं असतात, डॉक्टर असतात. बाबांना तिथे ठेवू. तू माझ्याकडे चल."

"ठेवू म्हणजे?"

"तुला झेपत नाहीये हे. काल काय झालं ते बघ ना. तू घर सोडून गेलीस!"

"घर नाय सोडलं. झोपायला गेले." इंदूताई रामरावांच्या अंगाखालची चादर ओढत होत्या, ती त्यांनी सोडली आणि सरळ उभ्या राहिल्या. "संदीप, नीट ऐक. मला नवरा टाकायचा नाय. मला झोप पायजे. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत. तुमी सगळे त्या एकच करायलेत."

संदीप भिंतीला टेकला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मग मी काय करू? सांग ना. रोज फोन करतो मी."

"करतोस. चांगलं हाय. पण फोननं कूस बदलता येत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तू ये. कायमचा नको, तुझं बी घरदार हाय. महिन्यातले थोडे दिवस ये. तुझं काम त्या लॅपटॉपवरच असतं ना? मंग तो इथं उघड."

एवढं सोपं मागणं त्यांनी इतक्या वर्षांत मागितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. तो राहिला. दुसऱ्याच दिवशी इंदूताई पिशवी घेऊन खरोखरीच बहिणीकडे कन्नडला गेल्या. जाताना मुलाला काही म्हणजे काही सांगितलं नाही. मी म्हणाले, "निदान औषधांचं तरी समजावून द्या." तर म्हणाल्या, "चिठ्ठ्या लावलेल्या हायत डब्यांवर. बाकीचं मी शिकले तसा शिकंल. सांगत बसले तर जायचीच नाय मी."

दोन दिवसांनी दुपारी माझी कडी वाजली. दारात संदीप. दाढी वाढलेली, शर्टाला सांडलेल्या औषधाचा डाग. खाली मान घालून म्हणाला, "काकू, जरा वेळ वर बसाल का?" आणि मग दिवाणाकडे बघायला लागला. मी काही न विचारता वर गेले. परत आले तेव्हा तो पालथा झोपलेला होता, एक पाय जमिनीवर लोंबत होता.

इंदूताई चार दिवसांनी आल्या. चेहरा भरलेला वाटत होता. त्या खाटेजवळ गेल्या, तेव्हा रामरावांनी त्यांच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "कुठं उतरायचं, बाई?"

"आत्ताच तर चढले," इंदूताई म्हणाल्या. "लगेच काय उतरवता?"

रामराव हसले. अर्धाच चेहरा हसायचा त्यांचा, पण त्या दिवशी तो बराच वेळ हसला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. थकवा कुठे गेला नाही. रामराव आणखी खालावले, खाणं कमी झालं, रात्री कण्हणं वाढलं. फक्त तो थकवा वाटला गेला. रामरावांना आंघोळ घालायला सकाळी एक माणूस यायला लागला. दर महिन्याला काही दिवस संदीप यायचा, तेव्हा वडिलांच्या खाटेशेजारी त्याची गादी असायची. इंदूताई आतल्या खोलीत दार लावून झोपायला शिकल्या. हसू नका, शिकायलाच लागलं त्यांना. पहिल्या खेपेला दार उघडं ठेवलं. नंतर अर्धं लोटलं. दाराची कडी लावून झोपायला त्यांना संदीपच्या कितीतरी फेऱ्या लागल्या. "दार लावलं की वाटतं, आपण त्यांना बाहेर काढलं," त्या मला म्हणाल्या होत्या. "मंग मनाला सांगावं लागतं, ते बाहेर नाय गेले. मी आत आले."

असं वर्ष उलटलं. जानेवारीतल्या एका थंड सकाळी, उजाडता उजाडता, रामराव गेले. संदीपची पाळी होती. वडिलांच्या श्वासाची लय बदलली तशी त्याला जाग आली. तो उठून बसला, त्यांचा डावा हात हातात घेतला. फार वेळ लागला नाही. मग थोडा वेळ तो तसाच बसून राहिला, आणि नंतर उठून त्याने आईचं दार वाजवलं.

मी वर गेले तेव्हा इंदूताई खाटेशेजारी उभ्या होत्या. रामरावांचे केस त्या बोटांनी नीट करत होत्या. रडत नव्हत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गाढ झोपले होते हो मी."

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. इंदूताई कोपऱ्यात बसलेल्या असायच्या, डोळे सताड उघडे. आता आराम करा, आता झोपा, असं जो तो म्हणायचा, आणि त्यांना झोप येत नसे. "कान अजून जागे हायत," त्या मला म्हणाल्या. "माणूस गेला ते त्यांना कोणी सांगितलंच नाय."

तेराव्याला गावाकडची मंडळी आली. जेवणं झाली, बायका एका खोलीत टेकल्या. रामरावांची एक चुलत बहीण होती. आजारपणात ती कधी फिरकल्याचं मला आठवत नाही. पानाला चुना लावता लावता ती म्हणाली, "एवढं केलंस बाई, एवढं केलंस. अन् नेमकी शेवटच्या घडीला झोपलीस."

मला वाटलं, इंदूताई आता कोसळतील. त्यांनी पदर सारखा केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "झोपले होते. इतकी वर्षं जागी होते, ते कोणाला दिसलं नाय. झोपले तेवढं बराबर दिसलं."

संदीप पाण्याची कळशी घेऊन दारात आला होता. त्याने ती खाली ठेवली आणि आत्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "आत्या, मी जागा होतो. त्या दिवशी माझी पाळी होती."

इंदूताईंनी मुलाकडे बघितलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. मग त्या रडल्या. कोणाची पर्वा न करता, भिंतीला डोकं टेकून, घसा बसेपर्यंत रडल्या. मी शेजारी बसून राहिले. थांबा, उगी राहा, असं मी त्यांना म्हटलं नाही आणि दुसऱ्या कोणाला म्हणूही दिलं नाही.

आता त्या कन्नडला बहिणीकडे राहतात. बहिणीचं घर आठवडी बाजारापासून जवळ आहे, तिथे त्या भाजी आणायला रमतगमत जातात. मध्यंतरी मी त्यांना भेटायला गेले होते. अंगणात बाजेवर आम्ही शेंगा फोडत बसलो. इंदूताई बऱ्या दिसत होत्या, पण एक शेंग फोडून झाली की हात मांडीवर ठेवून जरा थांबायच्या, मग दुसरी घ्यायच्या.

"अजून दमल्यासारखं वाटतं का?" मी विचारलं.

"वाटतं की. लई वाटतं," त्या म्हणाल्या. "पण पहिलं थकव्याच्या जोडीला फिकीर असायची. दोघं मिळून बेजार करायचे. आता फिकीर गेली, थकवा एकटाच राहिलाय." त्यांनी सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "एकट्याचं काय एवढं. राहील थोडे दिवस, जाईल तो बी."